सोशल मीडिया आणि गुण: सर्वेक्षणाच्या ‘मर्यादा’ कशा लिहायच्या

सोशल मीडियाचा वापर आणि गुण यांवरच्या प्रकल्प-अहवालात ‘मर्यादा’ या भागात ‘वेळेअभावी व पैशाअभावी मोठा नमुना घेता आला नाही’ हे वाक्य असेल, तर ते आधी खोडा. आकडा त्यामुळे कुठल्या बाजूला झुकला, हे ज्यातून कळत नाही ती मर्यादा नव्हे, सबब आहे.

समजा, लातूरच्या एका कॉलेजात व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकला. 310 जणांना लिंक गेली, 120 जणांनी भरला. हे दोन्ही आकडे लिहा. शीर्षकात ‘मराठवाड्यातील विद्यार्थी’ असेल तर काढा. जिल्हे आठ आहेत, तुमचं कॉलेज एक. शिवाय जे व्हॉट्सॲपवर नाहीतच, ते या फॉर्मपर्यंत पोचलेच नाहीत, हेही नोंदवा. फॉर्म परीक्षेच्या आठवड्यात भरून घेतला असेल तर तारीख द्या.

खरी गोची ‘रोज किती तास?’ या प्रश्नात असते. पोरं अंदाजाने ‘दोन-तीन तास’ ठोकून देतात. चूक दोन्हीकडे सारखीच विखुरलेली असेल तर संबंध असतो त्यापेक्षा फिका दिसतो. पण ज्याचे गुण घसरलेत तो मोबाईलवर खापर फोडायला तास वाढवून सांगतो, आणि मग संबंध फुगतो. फॉर्मवर नाव मागितलं असेल, तर सरांच्या धाकाने तास कमीही सांगितले जातात. तुमच्याकडे यातलं काय घडण्याजोगं होतं, तेच लिहा. तिन्ही शक्यता चिकटवू नका. फोन किती वेळ वापरला हे दाखवणाऱ्या, फोनमधल्याच ‘डिजिटल वेलबीइंग’चा सात दिवसांचा आकडा आणि गुणपत्रिका पाहिली नसेल, तर तसं स्पष्ट म्हणा.

तास आणि गुण यांचा सहसंबंध (-1 ते +1 मधला आकडा; उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं) -0.21 आला, 120 च्या नमुन्यात 0.05 स्तरावर सार्थही ठरला (म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका आकडा येण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी), की लगेच ‘सोशल मीडियामुळे गुण घटतात’ असं लिहिलं जातं. वर्ग करून बघा: 0.044. म्हणजे गुणांतल्या फरकापैकी जेमतेम 4 टक्के फरक तासांशी जुळतो. शिवाय फॉर्म एकदाच भरलाय. मोबाईलमुळे गुण घसरले की गुण घसरल्यावर मन मोबाईलकडे वळलं, हे त्यातून कळणार नाही. निलंग्याहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्याचा गाडीत मोबाईल वाढतो आणि घरी अभ्यास घटतो; दोन्हींचं मूळ प्रवासात. प्रवास, नीटचे क्लास, सुगीतलं शेतकाम यांतलं जे विचारलं नाही, ते नावानिशी लिहा.

नमुन्यादाखल: ‘तास विद्यार्थ्यांनी अंदाजाने सांगितले, प्रवासाचा वेळ विचारला नाही, म्हणून -0.21 हा केवळ संबंध समजावा, कारण नव्हे.’

आता मागे जा. शीर्षकातल्या ‘शैक्षणिक संपादणुकीवर होणारा परिणाम’च्या जागी ‘संपादणुकीशी संबंध’ करा, आणि निष्कर्षातला प्रत्येक ‘मुळे’ शोधून खोडा.