मिल्ट्रीच्या जुन्या जीपवर पिवळा दिवा लावताय? या चुका टाळा

लिलावातली मिल्ट्री गाडी घरी आली की आपल्याकडे दोन कामं हमखास होतात. आधी तिला हिरवा रंग मारला जातो, मग टपावर फिरता पिवळा दिवा चढतो. दोन्हींत घोळ आहे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. तुमची जोंगा जीप जबलपूरच्या कारखान्यातली अस्सल असली, तरी ती आता फौजेची नाही. नंबर प्लेटवरचा फौजी खुणेचा, वर तोंड केलेला बाणही काढा. हिरवी गाडी आणि वर लुकलुकणारा दिवा अशी जोडी घेऊन गडचिरोलीच्या रस्त्यांवर तर अजिबात फिरू नका. तिथे तुम्हाला कोण काय समजेल, याचा भरवसा नाही.

दिव्याचा विषय मोठा आहे, कारण त्यामागची भीती खरी आहे. जुनी विलीज जीप चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेली की सगळं अंग खिळखिळतं. मागून ट्रक ऐंशीने येतो आणि जीपचे मागचे दिवे असतात बटणाएवढे. संध्याकाळी कापसाच्या गाड्या, बंड्या, ट्रॅक्टर सगळे एकाच रस्त्यावर असतात. त्यामुळे आपण दिसायला हवं असं वाटणं चूक नाही. चूक होते ती उपाय निवडताना.

परदेशी व्हिडिओ बघून दिवा बसवणं

इंग्लंडमध्ये जुन्या लष्करी गाड्यांवर पिवळा फिरता दिवा दिसतो, तो तिथल्या कायद्यामुळे. ताशी 25 मैलांपेक्षा जास्त पळू न शकणारी चारचाकी तिथल्या वेगवान दुहेरी मार्गावर न्यायची असेल, तर तिला तो लावावाच लागतो. 1947 पूर्वी रस्त्यावर आलेल्या गाड्यांना सूट आहे. आपल्याकडे उलट आहे. नियम 108 म्हणतो, पुढे लाल दिवा दाखवायचा नाही आणि मागे लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही. पिवळ्याला सवलत आहे ती इंडिकेटर म्हणून, किंवा विमानतळ-बंदरासारख्या आवाराच्या आतच फिरणाऱ्या, सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या गाडीच्या टपावर. फिरता दिवा चारही बाजूंना पिवळा दिसतो, म्हणजे मागेही.

उमरेड किंवा वणीकडच्या कोळसा खाणीत बोलेरोवर पिवळा दिवा बघितला, म्हणून आपल्यालाही चालतो असं मानू नका. आवार वेगळं, रस्ता वेगळा. लाल-निळ्याचा तर विचारही नको. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा लाल दिवे उतरले आहेत.

मग दिवा फेकायचा का? नाही. शेतात, जिनिंगच्या आवारात, 26 जानेवारीला शाळेच्या मैदानावर, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तो खुशाल लावा. रस्त्याला लागण्याआधी उतरवून सीटखाली ठेवा. म्हणून दिवा घेतानाच काढता येणारा घ्या.

भोकं पाडणं

वेल्डिंगवाला दहा मिनिटांत ब्रॅकेट ठोकून देतो आणि गाडीची किंमत तिथेच उतरते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगीशिवाय मूळ रचनेत बदल करू देत नाही. कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिवाय 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली खासगी चारचाकी तिच्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात, मुदत 10 वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते. लिलावाच्या गाडीत ‘पहिली नोंदणी’ कुठली धरायची, हे आरटीओत आधी लेखी विचारून घ्या.

चुंबकाच्या बुडाचा दिवा सोपा वाटतो, पण कॅनव्हासच्या हुडाला तो चिकटणार कसा? ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. बॉनेटवर ठेवला तर रात्री आपल्याच डोळ्यांवर येतो. मूळच्या बोल्टांवर कसता येईल असा उभा पाइप आणि त्यावर बसणारा दिवा, हा खरा उपाय. पुढची काच आडवी पाडायची सवय असेल, तर पाइप आड येत नाही ना, ते आधी बघा.

व्होल्ट न मोजता वायर जोडणं

सगळ्यात जास्त दिवे इथेच जळतात. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मूळच्या 6 व्होल्टच्या, युद्धानंतरची एम38 ही 24 व्होल्टची. वर आपले मिस्तरी. कोणी सहाची बारा करून ठेवलेली असते, कोणी चोविसातली एक बॅटरी काढून टाकलेली असते. “मिल्ट्रीची आहे म्हंजे चोवीसच असन भाऊ” यावर विसंबू नका. इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर लावा. चार्ज असलेल्या बॅटरीवर साडेसहाच्या आत, साडेबाराच्या किंवा पंचविसाच्या आसपास आकडा दिसेल.

बाराचा दिवा चोविसावर लावला की बल्ब क्षणात जातो. चोविसाचा बारावर लावला तर मंद पेटतो आणि रडत फिरतो. 10 ते 30 व्होल्टचा एलईडी दिवा दोन्हीकडे चालतो, पण सहाच्या गाडीवर तो पेटतच नाही. तिथे स्वतःची चार्जिंगची बॅटरी असलेला दिवा घ्या आणि गाडीच्या वायरिंगला हात लावू नका.

चोविसाच्या गाडीतल्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट ओढायची सवय आपल्याकडे फार आहे. मग एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि दोष बॅटरीवाल्याला मिळतो. चोविसाचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा.

बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक जोडलंय, तेही बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा धन टोक बॉडीला असतं. तिथे नेहमीसारखी जोडणी केली की एलईडी पेटत नाही. दिव्याचं लोखंडी बूड ऋण टोकाला जोडलेलं असेल, तर थेट शॉर्ट होतं.

फ्यूज बॅटरीजवळ हवा, दिव्याजवळ नाही. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी हात लावताच पापडासारख्या तुटतात. त्यांना जोड देऊ नका, नवी वायर ओढा.

हॅझर्डकडे दुर्लक्ष

रस्त्यावर तुम्हाला वाचवतील ते हॅझर्ड, म्हणजे एकदम लुकलुकणारे चारही पिवळे इंडिकेटर, मागचे मोठे लाल रिफ्लेक्टर आणि बंद पडल्यावर मागे दूरवर ठेवलेला त्रिकोण. दिव्याचे पैसे आधी इथे लावा.

साध्या फ्लॅशरवर चारही इंडिकेटर टाकू नका. 21 वॅटचे चार बल्ब बारा व्होल्टला सात अँपिअर ओढतात आणि दोन बल्बांचा फ्लॅशर गरम होऊन बिघडतो. बल्ब काढून एलईडी लावले की उलट भार कमी पडतो आणि लुकलुक फार जोरात होते किंवा होतच नाही. दोन्हींवर उपाय एकच, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावत असेल, तर मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलंय. रंग खरवडून चकचकीत लोखंडावर वायरच्या टोकाचा लग घट्ट आवळा.

सगळी जोडणी बरोबर असूनही काहीच पेटत नसेल, तर ब्लॅकआउटचा, म्हणजे शत्रूला गाडी दिसू नये म्हणून दिवे बंद करणारा स्विच बघा. फौजी गाडीचा मुख्य लाइट स्विच त्या खुणेवर असला की नेहमीचे दिवे बंद, बऱ्याच गाड्यांत ब्रेकलाइटसुद्धा. मग पेटतात ते फक्त ताफ्यात चालण्यापुरते बारीक दिवे, काही गाड्यांत मागच्या डिफरन्शियलच्या (मागच्या आसावरच्या गोळ्याच्या) पांढऱ्या रंगावर पडणारा. अशा वेळी वायरमन अर्धा दिवस वायरिंग उसवत बसतो. हॅझर्डची लाइन या स्विचमधून नेऊच नका. बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी आणा, म्हणजे स्विच कुठल्याही खुणेवर असो, हॅझर्ड लागेल.