ओव्हरहॉल केलेल्या ट्रक इंजिनात कोणत्या ग्रेडचं ऑइल टाकावं?

"इंजिन नुकतंच बांधलंय, जाड ऑइल टाका" असा सल्ला जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये मिळतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. जाड ऑइलची सवय झिजलेल्या इंजिनामुळे लागते. क्रँकला (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) नवीन बेअरिंग, बोअरला होनिंग (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक रेघा पाडणं), नव्या रिंगा असं सगळं काम झालं की इंजिनातल्या फटी पुन्हा कंपनीच्या मापावर येतात. त्या मापाला जे ऑइल चालत होतं तेच आताही लागतं. म्हणून ग्रेड ठरवायची ती मायक्रोमीटरवर आलेल्या मापावरून आणि गरम इंजिनाच्या ऑइल प्रेशरवरून.

उदाहरणासाठी आपल्याकडे टाटाच्या असंख्य ट्रकना बसलेलं कमिन्स ६बीटी ५.९ लिटर इंजिन घेऊ. बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी, सहा सिलिंडर, टर्बो. दुसरं इंजिन असलं तरी पद्धत हीच, आकडे मात्र त्या त्या मॅन्युअलमधले घ्या.

पायरी १: जुळवणीआधी फटी मोजा

क्रँक ग्राइंड करून आला की प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) मायक्रोमीटरने दोन जागी आणि काटकोनात मोजा. बेअरिंग शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) घालून, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळून आतला व्यास बोअर गेजने घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे ऑइल क्लिअरन्स. बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेजची (दाबाने चपटणाऱ्या मऊ प्लास्टिकची) तार घालून कॅप आवळा, परत उघडा आणि चपटलेल्या तारेची रुंदी पट्टीवर वाचा. तार घातल्यावर क्रँक फिरवायचा नाही, नाहीतर माप फसतं.

ढोबळ हिशेब असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी फट असावी. ६बीटीचं बिग एंड जर्नल (कनेक्टिंग रॉड बसतो ते) ६९ मिमी, मेन (ब्लॉकमध्ये बसतं ते) ८३ मिमी. म्हणजे फट अनुक्रमे ०.०७ आणि ०.०८ मिमीच्या आसपास. अंतिम मर्यादा मॅन्युअलचीच. क्रँक ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज (घासून बारीक) केला तरी शेलही त्याच मापाचे येत असल्याने फट बदलत नाही. "क्रँक कट केलाय म्हणून जाड ऑइल" या म्हणण्याला त्यामुळे आधार उरत नाही. फट मर्यादेबाहेर असेल तर ऑइल बदलून ती भरत नाही, शेल किंवा ग्राइंडिंग बदलावं लागतं. हे कळण्याची वेळ इंजिन उघडं असतानाच असते.

पायरी २: ग्रेड ठरवा

१५डब्ल्यू-४० या नावात दोन वेगळ्या चाचण्या आहेत. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० अंशांनाही सेल्फ इंजिन फिरवू शकेल इतपत ऑइल पातळ राहतं. ४० म्हणजे १०० अंशांना त्याचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचं एकक) आत असतो. ५० ग्रेडचा पट्टा १६.३ ते २१.९ चा. एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. १५० अंशांना, बेअरिंगमधल्या घसटीत टिकायचा जो किमान दाटपणा एसएईने (ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या संस्थेने) ठरवलाय, तो १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या दोन्हींना ३.७ सेंटिपॉइज असा एकच आहे. भरल्या ट्रकने कसारा घाट चढताना बेअरिंगला जे संरक्षण लागतं ते चांगल्या ४० ग्रेडमध्येच आहे.

२०डब्ल्यू-५० ने मग नुकसान काय? सकाळच्या थंड इंजिनात ऑइल रॉकरपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. पंपावर दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) उघडतो आणि बरंचसं ऑइल बेअरिंगकडे न जाता परत फिरतं. फिल्टरचा बायपास उघडला तर न गाळलेलं ऑइल नव्या शेलवर जातं. गेजवर मात्र काटा छान वर दिसतो, म्हणून ड्रायव्हर खूश असतो. दाब जास्त म्हणजे प्रवाह जास्त असं नसतं, आणि बेअरिंगला थंड ठेवतो तो प्रवाह.

महाराष्ट्रात कुठेही, निफाडच्या जानेवारीपासून चंद्रपूरच्या मे महिन्यापर्यंत, या इंजिनाला १५डब्ल्यू-४० पुरतं. बाहेर ४६ अंश असले तरी ऑइलचं तापमान मुख्यतः थर्मोस्टॅट, ऑइल कूलर आणि लोड यांवर ठरतं. रेडिएटर बुजलेला असेल तर आधी तो साफ करा. गाडी हिवाळ्यात लेहच्या बाजूला जाणार असेल तरच १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० चा विचार करा.

पायरी ३: कॅनवरची दुसरी ओळ वाचा

ग्रेडइतकंच महत्त्व एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाला आहे, आणि खरेदी करताना नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. बीएस-३ पर्यंतच्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस घ्या. सीके-४ असेल तरी चालतं. स्वस्तात मिळणारं सीएफ-४ हा १९९० सालचा दर्जा आहे. ओव्हरहॉलवर एवढा खर्च केल्यावर तिथे बचत करू नये. कमिन्सचा स्वतःचा क्रमांक कॅनवर असेल तर उत्तम: सीईएस २००७८ हा सीआय-४ च्या तोडीचा, २००८६ हा सीके-४ च्या.

एफए-४ लिहिलेलं ऑइल मात्र जुन्या इंजिनात टाकू नका. ते मुद्दाम पातळ केलेलं असतं आणि जुन्या पिढीच्या इंजिनांसाठी नसतं. उलट बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तिथे कमी राखेचं सीके-४ लागतं. सीआय-४ ची राख तो फिल्टर हळूहळू बुजवते. फक्त 'एस'ने सुरू होणारा दर्जा असलेलं पेट्रोल गाडीचं ऑइल इथे उपयोगाचं नाही. ६बीटीचे टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) सपाट आहेत, कॅमवर घासत चालतात. त्यांना जस्त-फॉस्फरसचं संरक्षण लागतं, आणि आजच्या पेट्रोल ऑइलमध्ये ते कमी ठेवलेलं असतं.

सुरुवातीच्या किलोमीटरांसाठी वेगळं 'ब्रेक-इन ऑइल' घ्यायचं का? कमिन्सचं म्हणणं स्पष्ट आहे: नव्या किंवा ओव्हरहॉल केलेल्या इंजिनालाही नेहमीचंच ऑइल, खास ब्रेक-इन ऑइल नको. आमचा सल्ला एवढाच की पहिल्या भरणीला साधं मिनरल १५डब्ल्यू-४० घ्या, महाग सिंथेटिक रिंगा बसल्यानंतर. दाटपणा वाढवणाऱ्या किंवा घर्षण कमी करणाऱ्या ॲडिटिव्हची बाटली या काळात अजिबात ओतू नका. रिंग आणि बोअर यांना एकमेकांवर थोडं घासूनच बसायचं असतं.

बादली सीलबंद, अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या. सील ओरखडलेलं दिसलं तर परत करा. बनावट ऑइलचा धंदा मोठा आहे.

पायरी ४: भरणं आणि पहिला स्टार्ट

फिल्टर स्वच्छ ऑइलने भरून मगच चढवा. टर्बोची ऑइल पाइप सोडून तिथे ५० ते ६० मिली ऑइल ओता आणि पाइप पुन्हा आवळा. चेंबरची (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याची) क्षमता मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून लिटरच्या आकड्यापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा. गाडी सपाट जागेवर हवी.

आता स्टॉप केबल ओढून धरा किंवा सोलेनॉइडची वायर काढा, म्हणजे डिझेल जाणार नाही. सेल्फ मारा, एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं थांबा. गेजचा काटा हलला की वायर जोडून इंजिन चालू करा. १५ सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद करा. इंजिन थांबवून दहा मिनिटांनी पातळी परत तपासा. फिल्टर आणि गॅलऱ्या (ब्लॉकमधले ऑइलचे मार्ग) भरल्यामुळे ती उतरलेली असते.

पायरी ५: रनिंग-इन (सुरुवातीचं चालवणं)

गळती तपासायला लागतील तेवढीच मिनिटं इंजिन उभ्यानं चालवा. तासभर रेसवर ठेवण्याची जुनी पद्धत घातक आहे. रिंगेला बोअरवर दाबतो तो ज्वलनाचा दाब, आणि तो लोडवरच तयार होतो. लोड नसेल तर भिंतीवर राहिलेलं ऑइल भाजून होनिंगच्या रेघा बुजवतं, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग इंजिन कायमचं ऑइल खातं. तेव्हा दोष ऑइलच्या ग्रेडला दिला जातो.

निम्म्या लोडने निघा. योग्य गिअरमध्ये जोरात ओढा, मग पाय सोडा, पुन्हा ओढा. वरच्या गिअरमध्ये रखडत चालवू नका, एकाच वेगात तासन् तास नेऊ नका.

५०० ते १००० किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुना फिल्टर कापून कागद उलगडा. बारीक करडी धूळ अपेक्षित आहे. तांबूस किंवा चमकदार पत्रीसारखे कण दिसले तर बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पायरी ६: गरम प्रेशर बघून निकाल लावा

इंजिन लोडवर पूर्ण तापल्यावर, यांत्रिक गेज जोडून वाचा. ६बीटीला आयडलवर किमान १० पीएसआय आणि पूर्ण वेगात किमान ३० पीएसआय हवं. आयडलला १५-२० दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ग्रेड बरोबर आहे.

कमी आलं तर पहिला हात डिपस्टिकला लावा. पातळी वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास असेल तर लिफ्ट पंपाचा डायफ्राम किंवा इंजेक्शन पंपाचं सील गळतंय. थोडंसं डिझेलही ४० ग्रेडला ३० वर आणतं. ते दुरुस्त करून ऑइल बदला. पातळी ठीक असेल तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा, सक्शन पाइपचं पॅकिंग, पिस्टन कूलिंग नोझल आणि शेवटी पंप व बेअरिंग, या क्रमाने बघा. इथे ५० ग्रेड टाकून काटा वर आणला तर बिघाड तसाच राहतो आणि क्रँक खराब झाल्यावरच कळतो.