जुन्या फोनची मुकी घंटी पुन्हा बोलती कशी करावी

आमच्या फोंड्याच्या घरात वसरीतून आत आलं की डाव्या हाताच्या फडताळावर काळा डायलचा फोन असायचा. त्याची घंटी मागच्या कुळागरात, माडापोफळींत काम करणाऱ्यालाही ऐकू जायची. मधली काही वर्षं तो मुका झाला होता. लाइन चालू, डायल टोन स्वच्छ, बोलणंही नीट, फक्त घंटी गप्प. असे फोन गोव्यातल्या कितीतरी घरांत शोभेची वस्तू म्हणून पडून आहेत. त्यांतले बरेच तासाभराच्या निगुतीने पुन्हा वाजू शकतात.

हात घालण्याआधी घंटी वाजते कशी, हे समजून घ्या. रिसीव्हर ठेवलेला असताना तारेत सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. कुणी फोन केला की एक्स्चेंज त्यावर साधारण ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ वेळा उलटसुलट होणारा प्रवाह चढवते. फोनमधला कपॅसिटर एकदिश प्रवाह अडवतो आणि हा उलटसुलट प्रवाह तेवढा आत सोडतो. तो केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या दोन कॉइलमधून जातो. कॉइलजवळ एक कायमचा लोहचुंबक असतो. त्यामुळे प्रवाह एका दिशेने गेला की लोखंडी पट्टी डावीकडे ओढली जाते, उलटला की उजवीकडे. पट्टीला जोडलेली हातोडी दोन वाट्यांवर आळीपाळीने आपटते, सेकंदाला ५० टोले. ही रचना ग्रॅहम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांची, १८७८ सालची. घंटीला घरची वीज लागतच नाही. म्हणून पावसात दोन दोन दिवस लाइट नसली तरी फोन वाजायचा.

आणि आपण ‘ट्रिंग ट्रिंग’ असं जोडीनेच का म्हणतो? आपल्याकडे ०.४ सेकंद घंटी, ०.२ सेकंद थांबा, पुन्हा ०.४ सेकंद घंटी आणि मग २ सेकंद शांतता, असा ठेका आहे. अमेरिकेत २ सेकंदांची एकच लांब घंटी आणि ४ सेकंदांची विश्रांती. म्हणजे आपला शब्द आपल्या एक्स्चेंजच्या तालावर बसलेला आहे.

आधी तार काढा

फोन भिंतीवरच्या डब्यातून पूर्ण सोडवा. घंटीच्या वेळचा प्रवाह ओल्या हाताला चांगलाच झटका देतो, आणि फोन नेमका कधी येईल हे कुणाच्याच हातात नसतं. ढगांचा गडगडाट असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

मग उघडा आणि बघा

फोन मऊ फडक्यावर उलटा ठेवा. तळाचे स्क्रू सोडवले की वरचं कवच निघतं. कुठल्याही तारेला हात लावण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. आमच्या फोनमध्ये एका वाटीच्या आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, अंगठ्याएवढं, वाळून दगड झालेलं. दुसऱ्या वाटीखाली लाल मातीचा थर आणि पालीची दोन रिकामी अंडी. हातोडीला हलायला जागाच नव्हती. गोव्याची दमट, खारी हवा आणि चिऱ्यांच्या भिंतींची धूळ या दोन गोष्टी घंटीच्या मुळावर येतात, म्हणून पहिला संशय नेहमी कचऱ्यावर घ्या.

बोटाने हातोडी हळूच डावी-उजवीकडे हलवा. ती अडखळता कामा नये.

साफ करा, पण तेल घालू नका

हवेच्या फुग्याने धूळ उडवा, रंगाच्या बारीक ब्रशाने कोपरे झाडा. वाट्या काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. कोणती वाटी कुठल्या बाजूची, ते लिहून ठेवा, कारण दोघींचे सूर वेगळे असतात. पट्टी आणि चुंबकाच्या टोकांमधल्या फटीत लोखंडाचा कीस चिकटलेला असतो. तो चिकटपट्टीच्या गोंदाने उचला, फुंकून जात नाही. तेलाचा मोह मात्र टाळा. आमच्या फोनला पूर्वी कुणीतरी मशीनचं तेल दिलं होतं. त्यावर धूळ बसून जी काळी खळ झाली, ती काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

वाट्यांचं अंतर लावा

खरी गंमत इथेच आहे. बऱ्याच फोनमध्ये वाटीचं भोक मुद्दाम मध्यापासून थोडं सरकवलेलं असतं. स्क्रू जरा सैल करून वाटी फिरवली की तिची कड हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते. हातोडी एका बाजूला जाईल तेवढी सरकवून धरा आणि तिच्या व वाटीच्या मध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवा. हातोडी वाटीला टेकूनच राहिली तर ‘ठक’ असा मेलेला आवाज येतो. फट जास्त झाली तर टोला पोचतच नाही. हातोडी झपाट्याने येऊन, स्पर्श करून लगेच मागे सरकली की वाटी मोकळी गाते. दोन्ही बाजूंना हे वेगवेगळं जमवा. घाई करू नका. वाटी किंचित फिरवा, बोटाने हातोडी मारून बघा, ऐका, पुन्हा फिरवा.

तरीही गप्प असेल तर

मल्टिमीटर घ्या. कॉइलचं एक टोक सोडवून मोजा. काहीशे ते काही हजार ओहम दाखवले तर कॉइल ठीक आहे. काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली आहे, आणि ती बहुधा बाहेरच्या टोकाशी, हिरवा गंज चढलेल्या जागी असते. तिथे जपून सोल्डरचा डाग द्या. कपॅसिटर साधारण १ ते २ मायक्रोफॅरडचा असतो. नवा घेताना २५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त क्षमतेचा, प्लस-मायनस नसलेला फिल्म कपॅसिटर मागा. जुना शॉर्ट असेल तर रिसीव्हर उचललाय असा एक्स्चेंजचा समज होऊ शकतो आणि फोन करणाऱ्याला सतत एंगेज लागतो.

आता फोन जोडा आणि मोबाइलवरून नंबर लावा. दुसऱ्या फोनवर नंबर फिरवताना ही घंटी टिणटिणत असेल, तर पट्टीला एका बाजूला ओढून धरणारी बारीक स्प्रिंग थोडी ताणा. घंटी क्षीण वाटत असेल, तर तीच किंचित सैल करा.

घरी तांब्याची तार जाऊन फायबर आलं असेल, तर फोन फायबरच्या डब्यावरच्या टेलिफोनच्या खाचेत जोडायचा. घंटीचा प्रवाह आता तो डबाच तयार करतो, आणि अनेकदा एक्स्चेंजपेक्षा कमी जोराचा. म्हणून त्यावर एकच जुनी घंटी ठेवा, समांतर जोडलेले बाकीचे फोन काढा आणि स्प्रिंग सैलच असू द्या. काही डबे डायलचे ठोके ओळखत नाहीत. तिथे येणारे फोन या काळ्या फोनवर घ्या, लावायचे ते बटणाच्या फोनवरून. फायबरचा डबा विजेवर चालतो, तेव्हा मिरगाआधी त्याला बॅटरीचा छोटा बॅकअप जोडा. नाहीतर लाइट गेली की घंटीही जाते.