कल्याणच्या पुढे राहायला जाताय? या चुका टाळा

ठाण्यात किंवा डोंबिवलीत दोन खोल्यांसाठी जेवढे पैसे मोजावे लागतात, तेवढ्यात बदलापूर, वांगणी, नेरळ, टिटवाळा किंवा आसनगावला ऐसपैस घर मिळते आणि खिडकीतून डोंगरही दिसतो. याच गणितावर अनेक कुटुंबे कल्याणच्या पुढे जातात. आम्हीही असेच बदलापूरला आलो. गणित चुकीचे नाही. मात्र ते बहुधा कमावत्या माणसाचा पगार आणि त्याची लोकल एवढ्यावरच मांडलेले असते, आणि तो माणूस तर सकाळी सहाला बाहेर पडून रात्री नऊला परतणार असतो. त्या गावात खऱ्या अर्थाने राहायचे असते ते घरी असणाऱ्यांना: शाळकरी मुलांना, वृद्ध आईवडिलांना, घर सांभाळणाऱ्या व्यक्तीला. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

गाडीचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ, असे समजणे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर, कर्जत १०० आणि कसारा १२१ किलोमीटर आहे. बदलापूरची जलद लोकल साधारण दीड तास घेते, कर्जतला सुमारे दोन तास लागतात. घर दाखवणारा दलाल हाच आकडा सांगतो, आणि तो खोटाही नसतो. पण घरापासून स्थानकापर्यंतची शेअर रिक्षा, तिच्यासाठीची रांग, पुलावरची गर्दी, गाडीची वाट आणि उतरल्यानंतर कार्यालयापर्यंतची पायपीट धरली, तर एका बाजूचे सव्वादोन तास सहज होतात. दिवसाचे साडेचार तास आणि महिन्याचे २२ दिवस धरले, तर महिन्याला सुमारे १०० तास प्रवासात जातात. घराचा मासिक हप्ता किती कमी झाला हे लिहाल, त्याच्याच शेजारी हा आकडाही लिहून ठेवावा आणि दोघांनी मिळून तो पाहावा.

कल्याणनंतर गाड्यांची संख्या झपाट्याने घटते, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही. कल्याणला मार्ग फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जत-खोपोलीकडे जातो. कर्जतच्या बाजूला लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या वर्षानुवर्षे त्याच दोन मार्गिकांवरून धावत आल्या आहेत, त्यामुळे एखादी गाडी अडकली की मागच्या सगळ्या खोळंबतात. डोंबिवलीत एक गाडी चुकली तर पाच-सात मिनिटांचा प्रश्न असतो; बदलापूरपलीकडे तोच प्रश्न अर्ध्या तासाचा, कधी त्याहून मोठा होतो. पश्चिम रेल्वेवर एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि पालघर, बोईसरकडे घरे घेणे सोपे वाटू लागले, पण विरारनंतर दोन गाड्यांमधले अंतर तिथेही असेच वाढते. म्हणून घर पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. कामाच्या दिवशी सकाळी तिथल्या स्थानकावरून नेहमीची गाडी पकडून कार्यालय गाठावे, संध्याकाळी गर्दीच्या वेळी परतावे आणि हे सलग तीन दिवस करावे. ज्या घरात दोघेही नोकरी करतात, तिथे दोघांनीही करावे, कारण महिलांच्या डब्यातली गर्दी आणि रात्री साडेनऊनंतर स्थानकाबाहेर रिक्षा मिळण्याची शक्यता हे प्रश्न पतीच्या अनुभवावरून सुटत नाहीत.

होऊ घातलेल्या प्रकल्पाच्या भरवशावर घर घेणे

प्रत्येक गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात येऊ घातलेली मेट्रो, नवा लोकलमार्ग किंवा महामार्ग असतोच. कल्याण ते बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका आणि पनवेल ते कर्जत उपनगरी मार्ग हे मंजूर झालेले खरे प्रकल्प आहेत. तरीही मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यात किती काळ जातो, हे नवी मुंबईकडे पाहून लक्षात घ्यावे. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे भूमिपूजन २०११ मध्ये झाले आणि प्रवासी वाहतूक नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. भूमिपूजनाच्या वर्षी पहिलीत गेलेले मूल तोवर दहावी ओलांडून गेले होते. आज जी गाडी धावते तिच्यावर कुटुंबाचे भागत असेल तरच घर घ्यावे. नवा मार्ग आला तर तो वरचा लाभ समजावा.

पाण्याची चौकशी अर्धवट करणे

या पट्ट्यात पाण्याचे दोन प्रश्न आहेत, एक मे महिन्यातला आणि एक जुलैमधला, आणि घर पाहायला येणारी मंडळी बहुधा दिवाळीनंतरच्या आल्हाददायक दिवसांत येतात, तेव्हा त्यांपैकी एकही दिसत नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न आधी घेऊ. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा, मोडकसागर ही जलाशयांची नावे आपण ऐकतो ती शहापूर तालुक्याच्या परिसरातली, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी येते. धरणाजवळ राहतो म्हणून नळाला पाणी असेल, हा समज आसनगाव-वासिंदच्या बाजूला घर घेणाऱ्यांनी मनातून काढून टाकावा. इमारतीला पाणी नेमके कोणाकडून येते, हा पहिला प्रश्न असावा. बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरवते. नेरळला ग्रामपंचायत आहे, कर्जतला नगरपरिषद. अनेक नव्या वसाहती मात्र कूपनलिका आणि टँकर यांवरच चालतात. सोसायटीच्या सचिवांकडे एप्रिल आणि मे या महिन्यांची टँकरची बिले मागावीत. तोंडी उत्तर गोलमोल येऊ शकते, बिलांवरून मात्र खरा खर्च कळतो.

पावसाळ्याचा प्रश्न उल्हास नदीचा आहे. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा नदीकाठचे बदलापूरही बुडाले होते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला आणि इतर यंत्रणांना करावी लागली. बदलापूर पश्चिमेतल्या हेंद्रेपाड्यासारख्या भागांत पुराचे पाणी घरांत शिरण्याचा अनुभव एकदाच आलेला नाही. नदीकाठच्या जमिनीसाठी पूररेषा आखलेल्या असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आपला भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारून नकाशावर पाहता येते. “इथे पाणी येते का?” असे विचारले की “नाही” हेच उत्तर मिळते. त्याऐवजी शेजारच्या जुन्या इमारतीतल्या रहिवाशांना “२०१९ साली वाहनतळात पाणी कितपत आले होते?” असे विचारावे. विजेचे मीटर मूळ जागेवरून उचलून वर बसवलेले दिसले, तर उत्तर न विचारताच मिळते.

नोंदणी क्रमांक पाहून निर्धास्त होणे

महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी पाहणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांनी आपल्या परीने क्रमांक तपासलेलेच होते, ही त्यातली फार दुखवणारी बाब आहे. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयात स्वतः जावे आणि त्यांच्या नोंदीशी तो पडताळून घ्यावा. जमीन बिनशेती आहे का, सातबाऱ्यावर कोणाची नावे आणि कोणता बोजा आहे, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथे राहायला जाण्याची अधिकृत परवानगी, मिळाले आहे का, हे स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावे. विकासकाने सुचवलेला वकील घेऊ नये. बँक कर्ज देते आहे म्हणजे इमारत अधिकृत आहे, हा निष्कर्षही काढू नये.

मुलांची शाळा आणि घरच्यांचे औषधपाणी गृहीत धरणे

ही चूक आम्ही केली. मुलीची जुनी शाळा चांगली होती, मैत्रिणी तिथेच होत्या, म्हणून घर बदलले पण शाळा बदलली नाही. वर्षभर ती पहाटे पाचला उठून लोकलने शाळेत गेली. दुपारी परतल्यावर तिला अभ्यासाचे त्राण राहत नसे आणि नव्या इमारतीत तिची एकही ओळख झाली नाही, कारण खेळायच्या वेळी ती झोपलेली असे. तिचे भले व्हावे म्हणून घेतलेला निर्णय तिलाच सर्वांत जड गेला. पुढच्या जूनमध्ये जवळच्या शाळेत घातले, तेव्हा ती महिन्याभरात रुळली. घर ठरवण्याआधी शाळेतला प्रवेश पक्का करावा आणि घरही जूनच्या आधी बदलावे. मूल आठवीच्या पुढे असेल तर अकरावीचाही विचार आताच करावा, कारण हवी ती शाखा गावात नसेल तर सोळाव्या वर्षी तेही उल्हासनगर-कल्याणच्या गर्दीतले प्रवासी होणार असते.

आईवडील सोबत असतील तर घरापासून हृदयरोगाची तातडीची सोय असलेले रुग्णालय किती दूर आहे, हे दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळांना वाहनाने जाऊन मोजावे. कर्जतला आणि शहापूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत, पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला कल्याण, ठाणे किंवा पनवेलकडे न्यावे लागण्याची तयारी ठेवावी लागते. रेल्वे फाटक किंवा अरुंद उड्डाणपूल मध्ये असेल, तर तीन किलोमीटरचे अंतरही पाऊण तासाचे होऊ शकते.

आधी भाड्याने राहणे टाळणे

अकरा महिन्यांचे भाडे वाया जाते, असे समजून लोक थेट खरेदी करतात. माझ्या मते वरच्या सगळ्या चुकांवर आधी भाड्याने राहणे हाच एक खात्रीचा उपाय आहे, आणि त्यातही करार एप्रिलच्या सुमाराला सुरू करावा. मग टंचाई, शाळेची सुरुवात, जुलैचा पाऊस, वारंवार जाणारी वीज आणि रविवारचे मेगाब्लॉक हे सगळे खरेदीखतावर सही करण्याआधीच अनुभवता येते. घरी राहणाऱ्यांनी या काळात आपले मत मोकळेपणाने सांगावे आणि ते ऐकले जावे.

घर घेऊन झाले असेल आणि जमत नसेल, तर सगळे एकदम सुधारायला जाऊ नये. शाळा दूर असेल तर ती आधी बदलावी, कारण मुलांची वर्षे परत येत नाहीत. त्यानंतर कार्यालयाशी वेळेबद्दल बोलावे. सकाळची गाडी तासभर आधीची किंवा नंतरची झाली तरी बसायला जागा मिळण्याची शक्यता वाढते आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळाले तर महिन्याचे १०० तास साठावर येतात. टँकरचा खर्च वाढत असेल तर सोसायटीत पावसाचे पाणी साठवण्याचा आणि कूपनलिका पुनर्भरणाचा ठराव पावसाळ्यापूर्वीच्या सभेत मांडावा. एवढे करूनही वर्षभरात घरातल्या कोणाची तब्येत किंवा अभ्यास ढासळत राहिला, तर ते घर भाड्याने देऊन स्वतः कल्याण-डोंबिवलीत लहान घरात भाड्याने राहावे. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी तसे केले आहे, आणि बदलापूरचे घर त्यांनी विकलेले नाही.