सोलापुरात एसयूव्ही घ्यायचीय? आधी गाडी जाणार कुठं ते बघा

"कुठली गाडी घेऊ" असं विचारलं की आपल्याकडं जो तो स्वतःच्याच गाडीचं गुणगान सुरू करतो. ते ऐका आणि सोडून द्या. आधी गेल्या दोन-तीन महिन्यात तुम्ही कुठं कुठं गेला ते आठवा. बहुतेकांचं निघतं ते असं, रोज जुळे सोलापूर ते नवी पेठ नाहीतर एमआयडीसी, मधनं एखाद्या वेळी तुळजापूर किंवा अक्कलकोट म्हणजे जायचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि लग्नसराईत नाहीतर पोरं शिकायला आहेत म्हणून पुणे, अडीचशे. लेह-लडाख फक्त जाहिरातीत असतं.

आता इंधनाचं बघू. रोजचं रनिंग गावातल्या गावात असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. बीएस 6 (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम) डिझेलला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जळायला गाडी थोडा वेळ सलग हायवेच्या स्पीडनं पळावी लागते, तुम्ही सात रस्ता ते पार्क चौक एवढंच करत राहिला तर ती जळणार कधी? मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या सुरू. वर महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा जास्त. पण ज्याचा धंदाच मोहोळ, पंढरपूर, बार्शी असा रोज फिरायचा आहे त्यानं बिनधास्त डिझेल घ्यावं. सीएनजी घेणार असाल तर डिकी उघडून बघा, टाकी बसली की बॅग ठेवायला काय उरतं ते (टाटानं दोन छोट्या टाक्या खाली बसवून जरा जागा काढलीय). इलेक्ट्रिक गावात मस्त, पण स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर लावता येत असेल तरच. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी सोसायटीशी बोला, नंतर भांडणं होतात.

शोरूमवाले हल्ली उंच हॅचबॅकलाही एसयूव्ही म्हणतात. पंच, फ्राँक्स, नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा, सेल्टॉस ह्या सगळ्या मोनोकॉक, म्हणजे कारसारख्याच बांधलेल्या, त्यांनाच क्रॉसओव्हर म्हणायचं. चालवायला हलक्या, मागं बसणाऱ्याला आरामाच्या. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार खाली वेगळी चॅसी म्हणजे लोखंडी सांगाडा असलेल्या, मार खातात पण गचके देतात. शेत असेल तर हा फरक लय महत्त्वाचा. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातल्या वाटेवर क्रॉसओव्हर घातली की चिखल टायरला असा चिकटतो की नक्षी दिसतच नाही, पुढची चाकं जागेवर फिरतात आणि शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. तिथं ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) कितीही असू दे, उपयोग नाही. रोज रानात जायचंच असेल तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी बघा, नाहीतर गाडी डांबरीवर लावून चालत जा, स्वस्त पडतं. आणि ब्रोशरमधला तो 200 मिलीमीटरचा आकडा बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो, पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं की गाडी किती बसते ते स्पीडब्रेकरवर कळतं.

सनरूफ. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला जातो आपल्याकडं, डोक्यावर काच घेऊन काय करणार? पोरं चार दिवस मुंडकी बाहेर काढतात (ते धोक्याचंही आहे), मग पडदा कायमचा बंद. त्याच पैशात मागच्या एसी व्हेंट आणि जमलं तर व्हेंटिलेटेड (आतनं हवा खेळणारी) सीट असलेलं व्हेरियंट घ्या. रंग पांढरा, चंदेरी असा फिका. काळी गाडी दुपारी उन्हात लावून बघा एकदा कुणाची तरी.

टेस्ट ड्राइव्हला एकटं जायचं नाही. आईला न्या. नऊवारीत, गुडघे दुखत असताना तिला मागच्या सीटवर चढता येतं का, दार धरून खेचत वर जावं लागतं का, उतरताना पाय जमिनीला टेकतो का, हे सेल्समन सांगणार नाही. सात सीटर घेत असाल तर तिसऱ्या रांगेत स्वतः बसा, गुडघे छातीला लागतात का बघा, आणि ती रांग उघडल्यावर डिकीत काय मावतं तेही. जुन्या पेठेत राहत असाल तर टेप घेऊन बोळ मोजा, आरशांसकट.

ऊसाचा सीझन सुरू झाला की रात्री दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर बिना रिफ्लेक्टर रस्त्यावर असतात, म्हणून हेडलाइटचा उजेड अंधार पडल्यावर चालवून तपासा. सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आणि भारत एनकॅपचे स्टार (ही गाडी आपटून बघायची टेस्ट ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडं आहे) यात काटकसर नको, मोठ्या स्क्रीनमध्ये करा.

किमतीचं एक गणित. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल 1200 सीसी किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतची गाडी 18 टक्के जीएसटीत येते, बाकी पेट्रोल-डिझेलच्या 40 टक्क्यात, इलेक्ट्रिकला 5. दोन्ही अटी लागतात बरं का, ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं इंजिन दीड लिटरचं म्हणून ती 40 मध्ये.

ऑन-रोड कोटेशन ओळ-ओळ वाचा. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन दाखवलं की भाव खाली येतो. मॅट आणि सीट कव्हरचं पॅकेज नको म्हणा. एक्स-शोरूम 10 लाखाच्या वर असेल तर 1 टक्का टीसीएस (विकणाऱ्यानं आधीच वसूल केलेला इन्कम टॅक्स) लावतात, तो रिटर्न भरताना क्लेम करता येतो, पावती सीएला द्या. आणि पासिंगला टाकायच्या आधी चॅसी नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते काढा, वर्षभर यार्डात उभी असेल तर दुसरी मागा नाहीतर दणकून डिस्काउंट घ्या.