बी खारट पाण्यात भिजवू नका

ऊन चढतंय, विहिरी-बोअर तळाला चाललेत. पाणी आटतं तसे त्यातले क्षार दाट होतात, आणि भाजीपाल्याची रोपवाटिका नेमकी याच दिवसांत पडते. चार दिवसांत बी टाकणार असाल तर आज पाणी तपासायला द्या.

दरवर्षी तेच पाहतो. बी जोमाने उगवावं म्हणून ते भिजवायला शेवग्याच्या पाल्याचा रस काढला, झकास गाळला, आणि पातळ करायला घेतलं ते बोअरचंच मचूळ पाणी! खारट पाण्यात बियाला ओल ओढता येत नाही. जी थोडी आत शिरते तिच्यासोबत सोडियम-क्लोराइड जातं. तिथे अर्क काय करणार? गेल्या उन्हाळ्यात मिरचीचं एकाच पुडीतलं बी दोन ताटल्यांत ओल्या कागदावर ठेवलं. साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर पांढरे मोड आले. बोअरच्या पाण्यावरचं बी फुगून तसंच पडून राहिलं, पुढे बुरशीने खाल्लं.

पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती त्याचं माप) मीटरला 0.7 डेसीसायमनच्या आत असेल तर बिनघोर वापरा. 3 च्या वर असेल तर भिजवणीला नकोच. कांदा, गाजर, घेवडा आधी मार खातात. बीट बरंच सोसतं.

कोवळा पाला थोड्या गोड्या पाण्यात वाटून फडक्यातून पिळा. 1 भाग रसाला 30 भाग पाणी, तेही गोडंच. टोमॅटो, मिरची, वांग्याचं बी 12 तास ठेवा, मग सावलीत सुकवा. रस दाट ठेवला तर उगवण उलट दबते. सकाळी तोडलेला पाला जास्त लागू पडतो असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

दुकानदार समुद्री शेवाळाची महागडी बाटली पुढे करेल. शेवाळ वाईट नाही, पण त्या अर्कातही क्षार असतात, आणि ती बाटली खारं पाणी गोडं करत नाही.

बाकीचं नेहमीचं:
- औषध लावलेलं रंगीत बी भिजवू नये
- घेवडा भिजवू नये, साल फाटते
- सुकल्यावर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, किलोभर बियाला 5 ग्रॅम
- निचऱ्याचा चर मोकळा
- बी वरंब्याच्या बगलेत. क्षार माथ्यावर साचतात

गोडं पाणी थोडंच असेल तर भिजवणीला आणि वाफ्याच्या पहिल्या दोन पाण्यांना राखून ठेवा. बोअर त्यानंतर.