यूडायस आणि ‘अर्जंट माहिती पाठवा’: शाळेचा सरकारी डेटा बरोबर कसा भरायचा

गणपती उठले की आमच्या भागातल्या सरकारी मराठी शाळांत वेगळाच सीझन सुरू होतो, भात पोटरीला आलेलं असतं, पाऊस अजून गेलेला नसतो आणि सीआरपींच्या, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांचं काम बघणाऱ्या सरांच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी पडते, ‘यूडायस पेंडिंग असलेल्या शाळा’. यादीत आपली शाळा दिसली की पोटात गोळा येतो. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका लहान शाळेत शिकवते आणि हे काम काही वर्षं माझ्याच गळ्यात आहे, कारण स्टाफमधे लॅपटॉप बाईंनाच येतो असा सगळ्यांचा ठाम समज. नवीन लागलेले शिक्षक, अतिथी शिक्षक आणि एसडीएमसीतले, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीतले, पालक सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

यूडायस म्हणजे देशातल्या प्रत्येक शाळेची वर्षातून एकदा होणारी मोजणी. १९९४-९५ च्या आसपास डायस नावानं सुरू झालं, २०१२-१३ पासून प्राथमिक-माध्यमिक एकत्र करून यूडायस, २०१८-१९ पासून ऑनलाइन यूडायस प्लस, आणि २०२२-२३ पासून नुसते आकडे नाही तर एकेका पोराची नावानिशी माहिती. २०२४-२५ च्या रिपोर्टात १४.७१ लाख शाळा आणि २४.६९ कोटी मुलं आहेत, त्या ढिगात आपली वीस-पंचवीस पोरांची शाळा म्हणजे एक ओळ. पण शिक्षक किती द्यायचे, कोण जादा म्हणजे ऑफिसच्या भाषेत ‘हेच्चुवरी’ ठरतो, खोलीला पैसे मिळणार का, हे सगळं बघताना वरचा माणूस ती ओळच बघतो, तुमची शाळा बघायला तो येत नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, म्हणजे साठाच्या आसपास पट असलेल्या शाळेत एक पोर कागदावर कमी पडलं तरी काय होतं ते तुम्हीच बघा की.

(अमेरिकेत कोविडच्या काळात तिथल्या शिक्षण आकडेवारी केंद्रानं ‘स्कूल पल्स पॅनेल’ काढलं, सगळ्यांना न विचारता निवडक सरकारी शाळांना दर महिन्याला थोडे प्रश्न विचारायचे, म्हणजे माहिती ताजी मिळते. आपल्याकडं सगळ्यांना वर्षातून एकदा विचारतात, मधल्या महिन्यांचं काम व्हॉट्सअॅप करतं. त्याच्यावर शेवटी येते.)

पहिलं काम: लॅपटॉप उघडू नका

खरंच. आधी कोरा फॉर्म, ज्याला डीसीएफ म्हणतात, त्याची प्रिंट काढा आणि पेन्सिलीनं भरा. वर शाळेचा अकरा आकडी यूडायस कोड लिहा. पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटकाचे २९, मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. एका गावात मराठी आणि कन्नड अशा दोन सरकारी शाळा असल्या की फरक बहुतेक शेवटच्या दोन आकड्यातच असतो, आणि तिथं चुकलं की तुमची माहिती शेजारच्या शाळेच्या नावावर जाते.

मग वर्गात जाऊन डोकी मोजा, हजेरीपटावरून नको. बरीच वर्षं ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरत आलेत, तरी त्या वर्षीचं सर्क्युलर बघून घ्या. नलिकलीच्या, म्हणजे खेळातून शिकायच्या कर्नाटकातल्या पद्धतीच्या, खोलीत पहिली, दुसरी, तिसरी एकत्रच बसतात, घोळ तिथंच होतो, धाकट्या भावाला सांभाळायला आणलेलं बालवाडीचं पोरगंसुद्धा मोजणीत येतं आणि तापानं घरी असलेलं सुटतं. मी आता प्रत्येकाला नाव आणि इयत्ता मोठ्यानं सांगायला लावते, पोरांना पण तो खेळ वाटतो.

नाव, जन्मतारीख, आधार

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव जुळलं नाही की व्हेरिफिकेशन अडकतं, आणि आमच्या सीमाभागात हा त्रास डबल, कारण नाव मराठीतलं, आधारवर कन्नड आणि इंग्रजी, आणि टाइप करणारा आपल्या भाषेच्या कानानं टाइप करतो. ज्ञानेश्वर घ्या. आपण इंग्रजीत डी-एन-वाय करून लिहितो, कन्नड कानाला ते जे-एन वाटतं, कुणी तिसरा जी-एन लावतो. एकाच पोराची तीन नावं! त्यात कुणाचं आडनाव आधी, कुणाचं नंतर, कुणाच्या बापाचं नुसतं इनिशियल. जन्मतारखेचं तर विचारूच नका, अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला.

करायचं काय, तर जूनमधे अॅडमिशनच्या वेळीच पालकांकडून आधार आणि जन्मदाखला समोरासमोर ठेवून बघायचे. फरक असला तर तेव्हाच सांगायचं की दुरुस्त करून आणा, सप्टेंबरात सांगितलं तर ते शेतात असतात. आणि मेहेरबानी करून पोरांच्या आधारचे फोटो ग्रुपवर टाकू नका, ‘कुणाचं आहे हे’ म्हणून. शंभर माणसं असतात त्या ग्रुपात.

माध्यम वेगळं, मातृभाषा वेगळी

इथं जरा थांबून वाचा. सर्क्युलर कन्नडमधे येतं, त्याच्यात ‘बोधना माध्यम’ आणि ‘मातृभाषे’ असे दोन शब्द असतात आणि फॉर्ममधेही त्याच्या दोन वेगळ्या जागा आहेत. माध्यम म्हणजे शाळा शिकवते ती भाषा, मातृभाषा म्हणजे पोर घरात बोलतं ती. मराठी शाळेत कोंकणी बोलणारी पोरं असतात, कन्नड आणि उर्दू बोलणारीही असतात, आणि कन्नड शाळेत घरी मराठी बोलणारी पोरं तर कितीतरी. शिक्षक काय करतात, पहिल्या पोराला जे लावलं तेच खाली सगळ्यांना लावत जातात. तसं करू नका, घरी विचारा. घटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची पुरेशी सोय असावी असं म्हटलंय, पण ती सोय मागायला गेलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, पोरं किती? आकडा याच जागेतून निघतो.

फॉर्ममधे मराठीचा कोड १० आहे आणि कन्नडचा ०५. एका वर्षी नेट अडकत होतं, ड्रॉपडाउन खाली जाईना, तिसरीतल्या पाच पोरांना माध्यमाच्या जागेत मी ०५ लावून ‘नंतर बदलू’ म्हणून पुढं गेले आणि विसरले. सीआरपी सरांचा फोन, “बाई, तुमच्या शाळेत कन्नड माध्यम कधी सुरू झालं?” तेव्हापासून प्रत्येक वर्ग झाला की फक्त ती एक ओळ परत एकदा बघते.

खोल्या आणि टॉयलेट, खरं लिहा

वर्गखोल्या नुसत्या किती ते नाही, चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती आणि मोठ्या दुरुस्तीच्या किती असं विचारतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो माहितीच आहे, मार्चमधे बघितलेली खोली छान दिसते आणि जुलैत त्याच खोलीत तीन बादल्या ठेवलेल्या असतात. म्हणून पावसाळ्यात फोटो काढून ठेवा, कौलं सरकलेली, भिंतीला ओल, तारखेसकट, आणि फॉर्म भरताना ते समोर घ्या.

टॉयलेटला दोन आकडे लागतात, एकूण किती आणि चालू किती. आमच्याकडं एका टॉयलेटची किल्ली एचएमच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि आत मोडके बेंच आणि स्वयंपाकाची लाकडं. फॉर्ममधे मात्र चालू! शाळेची लाज वाटते म्हणून लोक सगळं चांगलं लिहितात आणि मग वर्षभर म्हणतात की आम्हाला निधी येत नाही. अहो, येईल कसा, तुमच्याच सहीनं तुम्ही सांगितलंय की सगळं ठीक आहे. शिक्षकांच्या भागाला फार वेळ लागत नाही, फक्त बदलून गेलेले अजून तुमच्याच शाळेत दिसत नाहीत ना तेवढं बघा.

गोव्याला, कोल्हापूरला गेलेली पोरं

बाप कामाला गोव्याला नाहीतर कोल्हापूरला गेला की वर्षाच्या मधेच पोर जातं. त्याचं नाव तसंच ठेवू नका आणि त्याला ‘शाळा सोडली, शिक्षण बंद’ असंही करून टाकू नका. दाखला देऊन गेलाय अशी नोंद केली की ते पोर पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समधे जातं आणि नवी शाळा तिथून त्याला आपल्याकडं ओढून घेते. त्यासाठी लागतो पेन नंबर, म्हणजे कायमचा शिक्षण नंबर. आपला सॅट्सचा, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी नोंदणीचा, नंबर कर्नाटकापुरता, महाराष्ट्राची तशीच नोंदणी असलेलं सरल तिथल्यापुरतं, सीमा ओलांडल्यावर चालतो तो फक्त पेन. म्हणून दाखल्याच्या मागं तो स्वच्छ अक्षरात लिहून द्या. तिकडून इकडं येणाऱ्याकडूनही तोच मागून घ्या, नाहीतर एकच पोर दोन राज्यांत मोजलं जातं किंवा कुठंच नाही.

भरणं आणि सर्टिफाय

शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रडतो. पहाटे पाच-सहाला बसा नाहीतर रेंज असलेल्या पाहुण्याच्या घरी जा, मी बेळगावात बहिणीकडं जाऊन भरलेलं आहे. प्रत्येक पान झालं की सेव्ह करा. सर्टिफाय करायच्या आधी एकूण पट पेन्सिलीच्या कागदाशी जुळवा, एचएमना शेजारी बसवून दाखवा, कारण नाव त्यांचं जातं. मग प्रिंट काढून एसडीएमसीच्या मीटिंगमधे वाचा. पालकांनाही यूडायस कोड टाकून शाळेचं रिपोर्ट कार्ड नेटवर बघता येतं, तर बघा आणि विचारा, मास्तर चिडले तरी चालेल.

आता ते ‘अर्जंट’

‘आज ४ वाजेपर्यंत मुलींची संख्या, जातवार, इयत्तावार पाठवा’ हा मेसेज साडेतीनला येतो, आपण वर्गात असतो. यावर एकच इलाज सापडलाय. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: यूडायस कोड, इयत्तावार मुलं-मुली, एससी-एसटी-ओबीसी, मंजूर शिक्षक, हजर शिक्षक, अतिथी शिक्षक, खोल्या, चालू टॉयलेट, पाणी, लाईट. दर महिन्याच्या एक तारखेला बदल करा आणि वर तारीख घाला. मेसेज आला की फोटो काढून त्याच्यावरून भरा, आठवणीतून नको. फॉर्मची लिंक फॉरवर्ड होऊन आली असेल तर आधी सीआरपींना विचारा, मग भरा. आणि काय पाठवलं, कधी पाठवलं ते एका वहीत लिहून ठेवा, कारण दोन महिन्यांनी दुसरं कुणीतरी तेच विचारतं आणि मागच्या वेळी ११ मुली सांगितल्यात आणि आता १२ कशा म्हणतं. आमच्या वहीत त्याच्यापुढं लिहिलेलं होतं, ‘एक गोव्याहून परत आली, १४ तारखेला.’